तापलेल्या सभेत जाताना

शहादा तालुक्यातल्या एखाद्या गावात ‘उद्या ग्रामसभा गाजणार’ अशी कुणकुण लागली की निम्मा गाव गंमत बघायला येतो. पारावर आदल्या रात्रीच अंदाज बांधून होतात. कोण कोणाला आडवं घेणार, कोण माइक हिसकावणार, सरपंच येणार की ऐनवेळी तब्येत बिघडणार. हा लेख उरलेल्या निम्म्यांसाठी आहे. त्यांना सभेत काहीतरी विचारायचं असतं आणि घरी रिकाम्या हाताने परतायचं नसतं.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. तापलेल्या सभेत सगळ्यांचे डोळे माइकवर असतात. ते ग्रामसेवकाच्या पेनावर असायला हवेत. (२०२४ पासून या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.) तुमच्या बोलण्याला शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या, व्हिडिओ गावभर फिरला, तरी सहा महिन्यांनी पंचायत समितीत गेल्यावर साहेब एवढंच विचारतात, ‘प्रोसिडिंगला आहे का?’ नसेल तर विषय संपला.

ही सभा कोणत्या जातीची?

निघण्याआधी घरीच ठरवा की आपण जातोय ती सभा कायद्यातली आहे की सौजन्याची. ग्रामसभा कायद्यातली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ७ सांगतं की आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच, आणि त्या न घेणाऱ्या सरपंचाचं पदही जाऊ शकतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा घेण्याचा प्रघात आपल्याला ठाऊक आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस या सभेचा सदस्य असतो. सरपंच अध्यक्षाच्या खुर्चीत बसतात म्हणून सभा त्यांची होत नाही, आणि प्रश्न विचारायला तुम्हाला कोणाची मेहेरबानी लागत नाही.

शहादा शहरात राहणाऱ्याचं तसं नाही. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगरसेवक. नागरिकाने फार तर मागे बसून ऐकायचं. मग उरते नगरसेवकाने प्रभागात लावलेली बैठक, नाहीतर आमदार, खासदार, पालकमंत्री यांचा जनता दरबार. या सभांना कायद्याचं बंधन नाही. तिथे इतिवृत्त लिहिलं गेलं तर नशीब, आणि ‘करून टाकू, काळजी करू नका’ हा शब्द मंडपाबाहेर कोणावरही बंधनकारक नाही.

म्हणून जनता दरबारात लोकप्रतिनिधीपेक्षा त्यांच्या शेजारी बसलेल्यांकडे जास्त लक्ष द्या. तहसीलदार, मुख्याधिकारी, गटविकास अधिकारी, महावितरणचे अभियंते एरवी चार दिशांना असतात, एक सापडला तर दुसरा मीटिंगला गेलेला असतो. त्या दिवशी ते सगळे एका रांगेत बसलेले असतात. अर्ज लेखी न्या, दोन प्रतींत न्या. आमदारांनी ‘बघा हो यांचं’ म्हटलं की हात जोडून मागे फिरू नका. अर्जावर शेरा, सही आणि तारीख घ्या. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज संबंधित कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घेऊन घरी या. दरबाराचा खरा निकाल त्या क्रमांकावर लागतो.

सातबाऱ्यावरची चुकीची नोंद, अडकलेलं अनुदान अशी एकट्याची अडचण असेल तर ती गर्दीच्या सभेत नेऊच नका. तिथे तुमच्या सातबाऱ्यापेक्षा तुमचा गट कोणता याचीच चर्चा होते. नंदुरबारला जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, तक्रार वैयक्तिक असावी लागते आणि न्यायालयात चालू असलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत. तिथे आरडाओरड नसते, म्हणून कामं होण्याची शक्यताही जरा बरी.

चुकीच्या माणसाला बरोबर प्रश्न

सभा विनाकारण तापते ती बहुतेकदा इथे. शहाद्यातून जाणाऱ्या अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरून लोक सरपंचाला धारेवर धरतात. सरपंच मनातून खूश होतो. ‘तो रस्ता माझ्या हातात आहे का, भाऊ?’ एवढं म्हटलं की तो सुटला, आणि गटारीच्या बिलाचं उत्तर द्यायची वीस मिनिटं खड्ड्यांत गेली. गावातली गटार, दिवाबत्ती, पाण्याची टाकी हे ग्रामपंचायतीला विचारा. गावाला जोडणारे लहान रस्ते बहुधा जिल्हा परिषदेचे असतात, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. उसात बिबट्या दिसला तर वनविभाग, शेतीपंपाला रात्रीच वीज मिळते तर महावितरण.

आमदाराला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये, खासदाराचाही तेवढाच. ‘या निधीतून आमच्या गावासाठी कोणतं काम सुचवलंत, कधी सुचवलंत, मंजुरी कुठवर आली?’ हे विचारा. कारण लोकप्रतिनिधी काम सुचवतात; मंजुरी आणि पैसा जिल्हा प्रशासनाकडून येतो. सुचवल्याचं पत्र असेल तर त्याची तारीख मागा. पत्र नसेल तर उत्तर आपोआप मिळालं.

आता प्रश्न कसा असावा? ‘गावात भ्रष्टाचार माजलाय’ हा प्रश्न नाही, ते भाषण आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरं भाषणच येतं. त्याऐवजी असं विचारा: ‘२०२४-२५ मध्ये अमक्या गल्लीतल्या गटारीसाठी किती रक्कम काढली? ठेकेदार कोण? मोजमाप पुस्तिकेत लांबी किती मीटर लिहिली आहे?’ या तीन प्रश्नांना आकडाच द्यावा लागतो. बाकी काहीही बोललं तर उत्तर टाळलं हे मागच्या रांगेतल्या आजीबाईलाही कळतं. आकडे आधी पाहून जायचे असतील तर केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा आणि खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेली ४० टक्के अबंधित. गावातल्या कॉलेजच्या पोरांना मोबाईल देऊन बसवा, अर्ध्या तासात चार पानं निघतात. त्यांच्या झेरॉक्स काढून न्या. हातात कागद दिसला की खुर्चीतल्या माणसाचा सूर बदलतो.

प्रश्न दोन-तीन दिवस आधी लेखी देऊन पोहोच घेतली तर फारच उत्तम. मग ‘हा विषय अजेंड्यावर नाही’ हे हुकमी वाक्य तोंडातच राहतं. नियमित ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची चार दिवस आधी निघायला हवी. नोटीस फलकावर लावल्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा. फलकावर लागलीच नसेल तर रिकाम्या फलकाचा काढा.

पेसा, वनहक्क आणि बायकांची सभा

आपल्या तालुक्याचं एक वेगळेपण लक्षात ठेवायला हवं. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. शहादा तालुक्यातली मात्र सगळी गावं त्यात नाहीत. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे पंचायत समितीत विचारून घ्या, कारण त्यावर सभेची ताकद ठरते. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे तिथल्या ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ च्या शासन निर्णयानुसार थेट या ग्रामपंचायतींकडे येतो, आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. पेसा गावांत भांडणं होतात ती बरीचशी याच पैशावरून. भांडण रास्त आहे. फक्त ‘पैसे खाल्ले’ म्हणण्याआधी ‘कोणत्या ग्रामसभेच्या कोणत्या ठरावाने खर्च केला, तो ठराव वाचा’ एवढं म्हणा.

वनहक्काच्या दाव्यांची सभा असेल तर गणपूर्ती मोजून घ्या. त्या नियमांत निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कमी माणसांत झालेला ठराव पुढे उपविभागीय समितीत अडकला तर नुकसान दावेदाराचं होतं, घाई करणाऱ्या पुढाऱ्याचं नाही.

बायकांची सभा हा भाग गावोगावी सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची हे कायद्यातच आहे. ती कागदावर होते, अंगणवाडीताई घरोघर फिरून सह्या गोळा करते आणि झालं. ती खरोखर भरवा. तिथे पाणी, रेशन, दारू या विषयांवर जे ठरतं ते दुसऱ्या दिवशी ग्रामसभेपुढे ठेवायला लागतं, आणि शंभर बायकांनी आधीच ठरवलेली गोष्ट माइक हिसकावून थांबत नाही. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २००८ पासून मतदानाचीही वाट आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येतं, आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. हजर राहिलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. त्यामुळे सुरतला आणि ऊसतोडीला गेलेल्या बायका परत आल्यावरची तारीख मागा.

शहाद्याला हे नवीन नाही. १९७०च्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत, हातच्या गेलेल्या जमिनी परत मागताना आदिवासी बायकाच पुढे होत्या, आणि दारूविरुद्धची मोहीम त्यांनी आपल्या शिबिरांतून उभी केली. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला होता. त्याच चळवळीत घडलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आता कॉलेजांत शिकवतात. स्टेजवर बसलेले लोक खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगतात, याची चीड तिच्यात आहे. सभेला जाण्याआधी ती एकदा वाचावी, विशेषतः आपण स्वतः ‘लोकांच्या वतीने’ बोलायला जाणार असू तर. ज्याच्या घरासमोर गटार तुंबली आहे त्यालाच बोलू द्या. तो अहिराणीत बोलेल, गुजरीत बोलेल, भिलीत किंवा पावरीत बोलेल. बोलू दे. तुमचं काम एवढंच की तो बोलला ते इतिवृत्तात मराठीत नीट उतरतंय का ते पाहायचं.

प्रत्यक्ष सभेत

लवकर जा आणि ग्रामसेवकाच्या जवळ बसा. आपल्या माणसांनी एका ठिकाणी गठ्ठ्याने बसू नये. एकत्र बसलं की तुम्ही ‘गट’ होता आणि पुढचं सगळं गटबाजीच्या खात्यात जमा होतं. पाच जण पाच ठिकाणी बसा, एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने दुसरीकडून ‘याचं उत्तर राहिलं’ एवढंच म्हणावं.

हजेरीवर सही करताना पान पाहा. वर ठरावाची जागा कोरी आणि खाली सह्यांची रांग, असं पान असेल तर सहीशेजारी ‘फक्त हजेरी’ लिहा. थोडं वाईट दिसतं, पण चालतं.

अध्यक्षांना उद्देशून बोला. सरपंच बाई असतील आणि उत्तरं त्यांचे यजमान देत असतील तर यजमानांशी वाद घालू नका. त्यांच्याकडे न बघता ‘सरपंच ताई, मी तुम्हाला विचारतोय, तुम्हीच सांगा’ म्हणा. माझा अनुभव असा की दोनदा असं झालं की ताई बोलायला लागतात, आणि पुष्कळदा यजमानांपेक्षा सरळ उत्तर देतात. जुन्या वैराचा, जातीचा, भाऊबंदकीचा एक शब्दही तुमच्या तोंडून जाता कामा नये. समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. एकदा ‘तुझ्या बापाने बांध कोरला’ सुरू झालं की गटारीचं बिल वाचलं.

माइक बंद केला तर ओरडू नका. जागेवर उभे राहा, कागद वर धरा आणि ग्रामसेवकाला म्हणा, ‘भाऊसाहेब, माझा प्रश्न लिहून घ्या, उत्तर दिलं नाही असं लिहा.’ उत्तर न मिळाल्याची नोंद हीसुद्धा नोंद असते, आणि पुढे चौकशी लागली तर फार उपयोगी पडते. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला ‘सभासार’ नावाचं साधन आणलं आहे. ते सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करतं. तुमच्या पंचायतीत ते वापरात आलं तर शांतपणे, आपलं नाव सांगून, एका वेळी एकानेच बोलणं आणखी महत्त्वाचं ठरेल. चाळीस जणांच्या गोंगाटातून यंत्राला काय उमजणार?

सभात्यागाचा मोह टाळा. विधानसभेत सभात्यागाची बातमी होते, गावात मात्र फक्त कोरम मोडतो. नियमित ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. पेसा गावात आणि वनहक्काला नियम वेगळे. कोरम मोडला की सभा तहकूब होते, आणि नियमित ग्रामसभेच्या तहकूब सभेला कोरमची गरज नसते. मग कापसाच्या वेचणीच्या दिवसात, सकाळी नऊला, वीस माणसांत तेच विषय मंजूर होतात. मुरलेल्या सरपंचाला तुमचा सभात्याग हवाच असतो. बसून राहा, विरोध नोंदवा, हात वर करून मतदान मागा आणि बाजूने किती, विरोधात किती हे आकडे लिहून घ्यायला लावा.

आणि हात आवरा. गावात अजून ‘तीनशे त्रेपन्न लागेल’ असंच म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं आहे, पण धोका संपलेला नाही. शासकीय कर्मचाऱ्यावर कामात अडथळा आणण्यासाठी हात टाकला तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. रजिस्टर हिसकावणं हा वेडेपणाचा कळस आहे. ज्या कागदासाठी आपण आलो तोच फाटतो, आणि मग चर्चा फक्त फाडणाऱ्याची होते. तरुण मुलांना हे आदल्या दिवशी बजावून ठेवा. सभा सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. मोबाईलवर चित्रीकरण एकाने, एका जागी बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावं. भांडणाचे तीस सेकंद कापून गटांवर टाकणाऱ्याने गावाचं भलं केलं असं मी पाहिलेलं नाही.

सभा संपताना, लोक चपला शोधायला लागतात तेव्हा, उभं राहून मागणी करा की आज झालेले ठराव वाचून दाखवा. ही दोन मिनिटं सगळ्या सभेपेक्षा महत्त्वाची आहेत. शब्दाकडे कान द्या. ‘चर्चा करण्यात आली’ याचा अर्थ काहीही ठरलं नाही. ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं असेल आणि तुम्ही विरोध केला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ठरावात नसेल तर तो ठराव अपुरा आहे.

नंतरचे तीस दिवस

दुसऱ्याच दिवशी इतिवृत्ताच्या प्रतीसाठी अर्ज द्या. तोंडी मागून मिळाली तर छान. नाही मिळाली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालील माणसाला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. इतिवृत्तात सभेपेक्षा वेगळंच काही लिहिलेलं आढळलं तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, आणि तुमचं चित्रीकरण, आधी दिलेल्या प्रश्नाची पोहोच, हजर असलेल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या जोडा. तक्रारीची एक प्रत नंदुरबारला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. भाषा साधी ठेवा. ‘भ्रष्ट’, ‘हुकूमशहा’ असले शब्द वाचून अधिकारी तक्रार राजकीय ठरवतो आणि बाजूला सारतो.

एवढ्यानेही काही हललं नाही तर पुढच्या ग्रामसभेची नोटीस नीट वाचा. तिच्यातला पहिला विषय बहुतेक दरवेळी एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. न झालेल्या कामाचा जाब विचारायची आणि चुकीच्या नोंदीला हरकत घ्यायची जागा तीच. तो विषय पहिल्या दहा मिनिटांत, लोक अजून सतरंजीवर जागा धरत असताना, उरकून घेतात. म्हणून त्या दिवशी उशिरा जाऊ नका.